जनावराची दुवा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरच्यांचे देठ काढणं. उन्हाळा भरात होता, वर्षाची चटणी करायची होती. संकेश्वरी आणि ब्याडगी, दोन्ही मिरच्या पत्र्यावर वाळवून अंगणात पोत्यावर ओतल्या होत्या. ढिगाच्या अलीकडं मी, पलीकडं माझी बायको. देठ मोडायचा, मिरची पाटीत टाकायची. दोघंही शिंकत होतो. ती शिंकली की अल्हमदुलिल्ला म्हणायची. त्यावर ऐकणाऱ्यानं दुवा द्यायची असते. मी नुसतं हं म्हणायचो.

तेवढ्यात भिंतीपलीकडनं शेजारणीनं हाक मारली. शेजारीण म्हणजे शेतकऱ्याची बायको, दारात दोन म्हशी, माहेर गडहिंग्लजकडचं. माझी बायको नेसरीची. दोघी एका बाजूच्या, म्हणून ती हिला अक्का म्हणायची आणि मला दाजी. दाजी म्हटलं की वाटेल ते बोलायची सवड मिळते, आणि ती सवड तिनं कधी वाया घालवली नाही.

"अक्का, जरा ये की गं. म्हस दूध चोराय लागलीय."

बायको उठली. राखेनं हात घासले, दोनदा धुतले, तरी तिखट गेलं नसंल म्हणून हात पदराखाली धरून गेली. थोड्या वेळानं परत आली आणि बसता बसता म्हणाली, "सोडला पान्हा."

"म्हशीनं सोडला. त्यात तू काय केलंस? बस आता, निम्म्या मिरच्या तशाच हायत."

ती बसली. चार-पाच मिरच्या झाल्यावर म्हणाली, "अवं, एकदा माझ्याबरोबर म्हणा की ती जनावराची दुवा. वरचे दात पडल्यापास्नं माझ्या तोंडातनं शब्द सरळ निघंनात. कुठं चुकतंय तेवढं सांगा."

"जनावराला काय कळतंय चुकल्यालं? चालतंय तसंच."

आम्ही ढीग संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं, ती घागर उचलायला वाकली आणि तिथंच खाली बसली. रिक्षा आणली. रिक्षात बसवलं तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं, आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली होती.

माझं शिक्षण चौथी. लिहायची सवय नाही, अक्षर मुंग्या चालल्यासारखं. पण तोंडानं मी सडेतोड. कुणाच्या पोरीला स्थळ बरं नसलं तर मांडवात तोंडावर सांगणारा. गल्लीत म्हणतात, म्हातारा फाडून बोलतो पण खोटं बोलत नाही. हे ऐकलं की माझी मान ताठ व्हायची. आता हे वाक्य कुणी बोललं तर मी तिथनं उठून जातो. का, ते लिहितो.

आम्ही मुलाणी. मूळचे कुरुंदवाडचे, आजोबांपास्नं कोल्हापुरात. जत्रा असो, म्हाईचं जेवण असो, बकरं कापायचं म्हटलं की लोक मुलाण्याला बोलावतात. मराठ्याच्या घरात देवाला बकरं द्यायचं असलं तरी सुरी आमची आणि शब्द आमचे. मी बिस्मिल्ला म्हणेपर्यंत पाटलाच्या वाड्यातला माणूससुद्धा हात बांधून गप उभा राहायचा. पंधरा-सोळाव्या वर्षापासून मी हे बघितलं. मी तोंड उघडलं की सगळे गप होतात, हे डोक्यात गेलं.

ते शब्द मी लहानपणी मशिदीतल्या उस्तादांकडं शिकलो. छडी होती. एक अक्षर घशातनं आलं पाहिजे तिथं ओठातनं आलं की हातावर वळ. नमाज, कुराणातल्या बारक्या सुरा म्हणजे अध्याय, पाच-सहा दुवा, सगळं पाठ. अर्थ उस्तादांनी सांगितला नाही, आम्ही विचारला नाही. विचारायचा असतो हेच माहीत नव्हतं. त्यातली एक दुवा मला फार आवडायची. 'रब्बना हब लना' अशी सुरुवात, आणि पुढं शब्द असे लागून येतात की उतारावरनं सायकल सोडल्यासारखं वाटतं. रोज पहाटेची नमाज घरात झाली की हात उचलून ती मोठ्यानं म्हणायची माझी सवय. लग्न झाल्यावर बायको मागं बसायची आणि शेवटी आमीन म्हणायची.

लग्नाला सहा महिने झाले असतील. आमच्याकडं तेव्हा आठ शेळ्या होत्या, त्यातल्या एकीला हगवण लागली होती. मी तिला काढा पाजत होतो. बायको तिचं तोंड धरून बसली होती. तिनं विचारलं, "तुमी नमाजीनंतर ते म्हणता न्हवं, रब्बना, त्यात काय मागता वं?"

मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला काय लागतं? दोन शब्द. पण ती नवी नवरी, मी मुलाणी, अख्ख्या पेठेची बकरी माझ्या तोंडच्या शब्दानं हलाल होतात, आणि मी हिला सांगू की मला कळत नाही मी काय म्हणतो? समोर शेळी होती. मी म्हणालो, "जनावराच्या बरकतीची दुवा हाय. जनावरं नीट ऱ्हावीत, दूध द्यावीत, रोगराई जावी."

तिनं मान डोलवली. "मलाबी शिकवा."

शिकवली. आठ-दहा दिवस लागले. तिला शाळा नाही, अरबीचा गंध नाही. जीभ वळायची नाही. मी उस्तादांसारखी छडी घेतली नाही, पण तोंड होतं की. "म्हस शिकली असती एवढ्यात," असं म्हणालो होतो. ती हसली होती. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मी चेष्टा करत नव्हतो.

त्या दिवसापास्नं ती रोज सकाळी गोठ्यात जाऊन एकेका शेळीच्या पाठीवर हात ठेवून ती दुवा म्हणायची आणि फुंकर घालायची. आजारी शेळी योगायोगानं बरी झाली. मग शेजारच्या बाईची बरी झाली. हळूहळू गल्लीत पसरलं की हिच्या तोंडाला गुण आहे. म्हस लाथा मारते, बोलवा अक्काला. गाभण शेळी अडलीय, बोलवा चाचीला. हिंदू असो, मुसलमान असो, ती कुणाला नाही म्हणाली नाही. कधी कुणी तांब्याभर दूध आणून द्यायचं, कधी खरवस. मी तो खरवस मिटक्या मारत खाल्ला आहे. आणि चारचौघांत म्हणायचो, "मी शिकवलंय तिला."

हे एवढंच असतं तर मी म्हणालो असतो, तरुण होतो, फुशारकी मारली, खरं सांगायचं राहून गेलं. पण एवढंच नाही.

दहा-बारा वर्षांमागं आमच्या मोहल्ल्यात बायकांची बैठक सुरू झाली. शुक्रवारी दुपारी एकीच्या घरात जमायचं, कुराणातला थोडा भाग आणि त्याचा मराठीत अर्थ. एक शिकलेली सून वाचून दाखवायची. बायको एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "मी जाऊ का बैठकीला? अर्थ सांगतात म्हणं. आपण म्हणतो ते काय म्हणतो ते तरी कळंल."

तिथं गेली तर पहिल्याच शुक्रवारी ही विचारणार, माझी जनावराची दुवा कुठं आहे त्यात? आणि ती शिकलेली सून खरं काय ते सांगणार. खरं काय ते मला माहीत नव्हतं, पण मी सांगितलेलं खोटं आहे एवढं मला पक्कं माहीत होतं.

"काय करायचंय तुला अर्थ?" मी ओरडलो. "दुपारी शेळ्यास्नी कोण बघणार? पाठ हाय न्हवं, सवाबाचं पुण्य त्यातच हाय. बायकांनी एकत्र बसून कुजबुज करायची आणि नाव अल्लाचं घ्यायचं."

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. पुन्हा कधी विषय काढला नाही. नंतर दर शुक्रवारी दुपारी बायका आमच्या दारावरनं जायच्या आणि हाका मारायच्या, "येताय का चाची?" ती म्हणायची, "न्हाई गं, शेळ्या हायत." शेळ्या तेव्हा दोनच उरल्या होत्या. मी खाटेवर पडून हे ऐकायचो आणि कूस बदलायचो.

ती गेल्यावर घरात बायकांनी तिला आंघोळ घातली, अंगावरचं काढलं ते लेकीनं रुमालात बांधून ठेवलं. चाळिसावा झाला त्या दिवशी दोन्ही लेकी आणि नाती जमल्या होत्या. मोठ्या नातीला आजीची नाकातली चमकी हवी होती, आणि आजी घालायची त्याच नाकपुडीत हवी होती. धाकटी लेक म्हणाली डावीकडं, थोरली म्हणाली उजवीकडं. दोघी माझ्याकडं वळल्या.

"अब्बा, तुमी सांगा. अम्मी कुठल्या बाजूला घालायची?"

मला सांगता आलं नाही. मी डोळे मिटून बघितलं. तिचे हात दिसले, पदर दिसला, पाठ दिसली, चुलीपुढची. चेहरा आणला तर नाक पुसट. बाजारात बकरं उभं केलं की तोंड न उघडता मी दातांचा अंदाज सांगायचो, चाल बघून कुठल्या खुराला जखम आहे ते सांगायचो, आणि माझा अंदाज चुकायचा नाही. आणि जिच्यासमोर रोज दोन वेळा ताटावर बसलो तिच्या नाकाची बाजू मला माहीत नाही.

"लक्षात न्हाई," मी म्हणालो. थोरली लेक हसली, "अब्बांना काय इचारताय, अब्बांना बोकडाचं इचारा." सगळ्या हसल्या, मीही हसलो. नातीनं डावीकडं घातली.

त्याच्या पुढच्या आठवड्यात शेजारीण दारात आली. दुपार होती. तिनं आत न येता उंबऱ्यावरच टेकून विचारलं, "दाजी, जेवलासा का?"

"जेवलो."

"तोंडावरनं दिसत न्हाय. बरं, एक काम हाय. म्हशीचे दिवस भरल्यात. अक्का असती तर आलीच असती. तुमी येऊन ती दुवा म्हणून जावा की."

मी म्हणालो मला काय येतंय. ती म्हणाली, "का येत न्हाय? अक्काला कुणी शिकवली? उठा, नाटकं करू नका."

गेलो. म्हस बसली होती, कास ताठ भरलेली. मी हात उचलले आणि म्हणालो. आवाज अजून खणखणीत आहे माझा. म्हणताना मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. फुंकर घातली. शेजारीण डोक्यावर पदर घेऊन उभी होती. म्हणाली, "दाजी, ह्याचा अर्थ काय वं? अक्काला इचारलं की ती म्हणायची, जनावराच्या बरकतीचं हाय, आमच्या ह्यांनी सांगितलंय, मग खोटं असायचं न्हाय."

तेव्हा तरी बोलायचं. मातीत जाऊन चाळीस दिवस उलटून गेलेली बाई साक्षीला काढली होती तिनं. मी काय म्हणालो? "व्हय, जनावराच्या बरकतीचंच."

घरी आलो आणि पाणी प्यायला घेतलेला तांब्या तसाच खाली ठेवला. आमच्या ह्यांनी सांगितलंय, मग खोटं असायचं न्हाय. माझ्या माघारी ती असं सांगत फिरत होती.

असरच्या, दुपार कलतीच्या नमाजीला मशिदीत गेलो. मौलाना पोरसवदा आहेत, लातूरकडचे, मराठी चांगली बोलतात. सगळे गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, एक दुवा म्हणून दाखवतो, अर्थ सांगा. म्हणून दाखवली. ते म्हणाले, "वा, चाचा, काय साफ वाचता तुम्ही."

"ते असू दे. काय मागतोय मी?"

त्यांनी सावकाश सांगितलं. आमच्या पालनहारा, आमच्या जोडीदारांकडून आणि लेकराबाळांकडून आमच्या डोळ्यांना थंडावा मिळू दे, आणि जे तुला भिऊन वागतात त्यांच्या पुढं उभं राहायच्या लायकीचं आम्हाला कर.

मी विचारलं, "जनावराचं काहीच न्हाई त्यात?"

ते हसले. "जनावराचं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"असंच, कुणीतरी."

बघा. मशिदीत बसून, वजूनं हातपाय धुऊन, तिसऱ्यांदा खोटं.

त्यांनी मग समजावून सांगितलं. म्हणाले, अरबस्तानात ऊन, रेती, वारा, डोळे भाजून निघतात. अशा माणसाला थंडावा म्हणजे काय ते त्यालाच कळतं. घरात आल्यावर ज्या माणसाकडं बघून डोळा निवतो, दुसरीकडं बघायची गरज राहत नाही, असं माणूस दे, असं मागणं आहे. आणि म्हणाले, "आधी घर मागितलंय चाचा, पुढारपण नंतर. घरात निभलं तर बाहेर पुढं उभं राहायचं."

मग त्यांनी सहज म्हणून सांगितलं, "पुरुषानं म्हटली तर बायकोसाठी होते, बाईनं म्हटली तर नवऱ्यासाठी. शब्द तोच. चाची म्हणायच्या का?"

"म्हणायची."

"कधी?"

"रोज सकाळी."

"मग नशीबवान आहात," ते म्हणाले.

मी उठलो. पायात चप्पल घालायची विसरलो, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो.

त्या संध्याकाळी मी घरात दिवा लावून बसलो आणि एकेक वर्ष मागं जात राहिलो. मला आधी माझंच दिसलं. रोज पहाटे हात पसरून मी मागतोय, हिच्याकडनं माझ्या डोळ्याला गारवा दे. ती मागं बसलेली आहे, दोन हातांवर. मागून झालं की हात तोंडावरनं फिरवायचे, उठायचं आणि म्हणायचं, "च्या झाला का न्हाई अजून?" मागितलेली गोष्ट मागं बसलेली होती आणि मी मान वळवून बघितली नाही. एखाद्यानं दुकानात जाऊन रोज एकच वस्तू मागावी, दुकानदारानं रोज ती समोर ठेवावी, आणि ह्यानं न बघता निघून जावं, असा मी. अल्ला काय म्हणत असंल? म्हातारा वेडा आहे म्हणत असंल.

पण ते सोसवलं असतं. त्याच्या खालचं दुसरं होतं ते सोसवेना. तिनं म्हटलेली दुवा माझ्यासाठी होती. हगवणीच्या शेळीपाशी, लाथाड म्हशीपाशी, पावसात गोणपाट डोक्यावर घेऊन, ताप असताना, दात पडल्यावर बोबड्या तोंडानं, ती रोज मागत होती की माझ्या नवऱ्याकडनं मला सुख लागू दे. तिला माहीत नव्हतं ती काय मागते. ते देणं माझ्या हातात होतं. शेळी बरी करणं अल्लाच्या हातात, पान्हा सोडणं म्हशीच्या हातात, पण हे तर माझ्याच हातात होतं. आणि बैठकीला जाऊ का म्हणाली तेव्हा मी तिला तेवढंही दिलं नाही. गेली असती तर तिला कळलं असतं. ती घरी येऊन मला बोलली असती. भांडली असती. मला वाटतं हसलीही असती, आणि मग कदाचित मी तिच्याकडं बघितलं असतं. ते मी माझं खोटं वाचवायला बुडवलं.

मौलाना म्हणतील, नियत बघितली जाते, चाचीला सवाब मिळेल. तिला मिळेलच. ती तिच्या जागी खरी होती. मी माझं बोलतोय.

मग डोक्यात दुसरं सुरू झालं. आता करायचं काय? शेजारणीला सांगायचं, तर बायकोचं गल्लीतलं नाव जाणार. तिच्या तोंडाला गुण होता असं लोक म्हणतात, तेवढीच तिची मागं राहिलेली पुंजी. लोक म्हणतील, अडाणी बाई, काहीच्या बाही म्हणून म्हशी फुंकत होती. हसतील. आणि नाही सांगायचं, तर माझं खोटं तिच्या नावानं चालत राहणार. आमच्या ह्यांनी सांगितलंय, मग खोटं असायचं न्हाय. हे वाक्य शेजारीण पुढं तिच्या सुनेला सांगणार, ती तिच्या. मी मेल्यावर ते खरंच होऊन बसणार. मला सोयीचं काय ते मला चांगलं कळत होतं. गप बसलं तर बायकोची अब्रू राखली असंही म्हणता येत होतं, आणि माझी आपोआप राखली जात होती. म्हणूनच मला त्या विचाराची किळस आली.

सकाळी नमाज पढलो. दुवेला हात उचलले आणि तोंड उघडलं तर शब्द येईना. पाठ गेलेली नव्हती. आता कळत होतं म्हणून येईना. तसेच हात खाली केले, टोपी सारखी केली आणि शेजारी गेलो.

शेजारीण धार काढायला बसली होती. मला बघून तिचं तोंड उजळलं. "दाजी, रातीच व्यायली बघा. रेडी झाली. काय त्रास न्हाई, काय न्हाई. अक्काचा गुण तुमच्यातबी हाय म्हणायचा."

कोपऱ्यात ओलं रेडकू उभं राहायला धडपडत होतं. हे असं झाल्यावर बोलणं अजून अवघड. मी म्हणालो, "ऐक. ती दुवा जनावराची न्हाई."

"मग कसली?"

"मी खोटं सांगितलंतं. तिलाबी आणि तुलाबी. मला अर्थ ठावं नव्हता. काल इचारून आलो."

तिचा हात थांबला नाही, चरवीत धार पडत राहिली. "मग कसली ते तर सांगा."

मला सांगता येईना. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, परक्या बाईसमोर बायकोचं आणि डोळ्याच्या थंडाव्याचं कसं बोलायचं? कान तापले. शेवटी म्हशीकडं बघत बोललो. "नवऱ्याकडनं बायकोला, बायकोकडनं नवऱ्याला, लेकराकडनं आईबापाला सुख मिळावं. बघितलं की डोळा निवावा. असं मागणं हाय."

आता तिचा हात थांबला. तिनं म्हशीच्या पोटाला डोकं टेकलं. मग म्हणाली, "म्हंजे अक्का माझ्या म्हशीपाशी उभी राहून तुमचं सुख मागत हुती?"

"व्हय. माझ्याकडनं तिला."

"आणि मिळालं व्हय तिला?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि एकदम चिडून म्हणाली, "मला सांगून काय उपेग? तिनं मला शिकवलीय. कोपऱ्यावरच्या पिंजाऱ्याच्या दोन्ही सुनास्नी शिकवलीय, बागवानाच्या घरात शिकवलीय, त्या शिवणकामवालीला शिकवलीय, आणिक पलीकडच्या गल्लीत कोण कोण हाय. सगळ्या शेळ्या-म्हशीवर फुकत्यात. त्यास्नी कोण सांगणार?"

मला हे माहीत नव्हतं. तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असंल तर मी ऐकलं नसंल.

"मीच सांगतो," म्हटलं.

"सांगाच. आणि अक्काचं नाव खाली येईल असं एक अक्षर बोलला तर बघा. चूक तुमची, तुमच्या नावानं सांगा." मग चरवी उचलता उचलता म्हणाली, "म्हशीवर मी फुकायची ती फुकणार. म्हशीलाबी सुख लागू दे की जरा."

तिथनं निघालो तो पिंजाऱ्याच्या घरी गेलो. दोन्ही सुना बाहेर आल्या, सासूही आली. उभ्या उभ्या सांगितलं, मी तुमच्या चाचीला खोटं सांगितलं होतं, तिनं ते खरं मानून तुम्हाला सांगितलं, तिचा दोष नाही. अर्थ सांगताना पुन्हा कान तापले. धाकटी सून लाजून आत पळाली. मी बायकोला बैठकीला का धाडलं नाही ते सासूला त्या क्षणी कळलं असणार, कारण दर शुक्रवारी आमच्या दारात हाक मारणारी तीच. ती एवढंच म्हणाली, "च्या घ्या." मी घेतला नाही.

बागवानाच्या घरात म्हाताऱ्या बाईनं दोनदा विचारलं, ऐकायला कमी येतं तिला, म्हणून दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं. रस्त्यावरनं शाळेला निघालेल्या पोरी थांबून ऐकत होत्या. बागवान आतनं ओरडला, "मुलाणी, तुम्ही आणि खोटं?" मी म्हणालो, "व्हय. मी आणि खोटं."

शिवणकामवालीचं दार बंद होतं. कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, रेशनला गेलीय, तासभर लागंल, दुपारी या की. दुपारी आलो असतो तर चाललं असतं. पण घरी गेलो तर दुपारपर्यंत मी काहीतरी शहाणपणाचं कारण शोधून काढीन, हे मला माझं माहीत आहे. म्हणून तिच्या पायरीवर टोपी मांडीवर घेऊन बसून राहिलो, ती येईपर्यंत.